पाणी निवळलं तेव्हा

आमच्या शेडमध्ये एक नियम होता आणि तो माझ्या थोरल्या जावेने मला पहिल्याच दिवशी शिकवला. कालव फोडण्याआधी ते दुसऱ्या कालवावर ठोकून बघायचं. जिवंत असेल तर आवाज टणक येतो. मेलेलं असेल तर ते बहुधा उघडंच असतं, बघताक्षणी कळतं. पण काही कालवं मरूनही घट्ट मिटलेली राहतात आणि त्यांच्यात मांसाऐवजी काळा चिखल भरलेला असतो. त्यांचा आवाज बद्द येतो. शेडमध्ये त्यांना ‘मुकं’ म्हणायचे. मुकं हाताला लागलं की ते तसंच, न उघडता, मागच्या पिंपात टाकायचं. उघडलं तर आतला चिखल टोपल्यातल्या सगळ्या चांगल्या मालावर सांडतो आणि त्या वासापुढे साबण, सोडा, नवस, कशाचंच काही चालत नाही.

मला वाटलं, ही उगाच मोठेपणा मिरवतेय. मी एक उघडलं. टोपलं फेकावं लागलं आणि पुढचा महिनाभर शेडमधल्या बायका मला ‘अत्तरवाली’ म्हणून हाक मारत होत्या.

थोरलीला मी ताई म्हणते. तोंडावर अहो-जाहो आणि मनात अगं-तुगं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं आहे. जावा-जावांचं पटत नाही म्हणतात, तसं आमचंही कधी फारसं पटलं नाही. तिचं म्हणणं मी तोंडाळ, माझं म्हणणं ती घुमी. पण शेडमधल्या त्या लांब सिमेंटच्या ओट्यावर आम्ही शेजारी-शेजारी उभ्या राहायचो, रबरी मोजे, आखूड सुरी, पायाशी वाहतं गटार, आणि दिवसभर एकमेकींचा कोपर लागला तरी कुणी कुरकुर करत नव्हतं. त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

थोरले भाऊजी लवकर गेले. मागे एकच मुलगा. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्याबाहेर कुणी वापरलं नाही. सगळे त्याला बोका म्हणायचे, कारण पोरवयापासून तो शेडमध्ये शिरायचा, माझ्या टोपल्यातून कालव पळवायचा आणि ओठ पुसत म्हणायचा, “काकू, मी नाही हं.” मला मूलबाळ नाही. तेव्हा तो माझा कोण होता हे मी फोड करून सांगत बसत नाही.

मोठा झाल्यावर बोका शेडची बोट चालवायला लागला. सपाट तळाची जुनी लोखंडी बोट होती. फोडलेल्या कालवांचे शिंपले तिच्यात भरायचे आणि खाडीच्या तोंडाशी नेऊन ओतायचे, एवढंच तिचं काम. एके दुपारी भरलेली बोट खाडीच्या मध्यावर पाणी घ्यायला लागली. बरोबरच्या खलाशाने उडी टाकली आणि तो पोहत किनाऱ्याला लागला. बोका पंप चालू करायला खाली इंजिनच्या खोलीत उतरला होता. बोट कुशीवर वळली आणि तशीच खाली गेली.

तेव्हा आमच्या खाडीचं पाणी म्हणजे दुधाचा चहा. वरच्या अंगाला खाणी, बांधकामं, उघडे डोंगर, सगळ्यांची माती आमच्या दारात. पाण्यात हात घातला तर मनगट दिसत नसे. बंदर कार्यालयाने एक पाणबुड्या आणला. तो बिचारा आंधळ्यासारखा चाचपत राहिला. बोट सापडली, तिचा कठडा सापडला, पण इंजिनच्या खोलीचं दार काही हाताला लागेना. भरती आली की वर यायचा, ओहोटीला पुन्हा उतरायचा. शेवटी कार्यालयाने शोध थांबवला. बोट उचलायला मोठी क्रेन लागते आणि ती आपल्यासारख्यांसाठी येत नसते. मग त्यांनी त्या जागेवर एक लाल पिंप तरंगत बांधलं, इतर बोटींना धोका नको म्हणून. बैल गेला नि झोपा केला.

धक्क्यावर पाणबुड्या ओल्या अंगाने ताईसमोर उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला.

“वहिनी, पाणी जरा निवळलेलं असतं ना, तर दार सापडलं असतं.”

एवढंच. आईपुढे रिकाम्या हाताने उभा असलेला माणूस आणखी काय बोलणार? पण ताईने ते वाक्य असं धरलं जसं कुणी पत्ता धरून ठेवावा.

त्यानंतर ती जवळजवळ बोलेनाशीच झाली. लोक यायचे, बसायचे, जाताना म्हणायचे, “हळूहळू निवळेल हो सगळं.” कुणी जास्त शहाणं असलं तर म्हणायचं, “आता मूठमाती द्या त्या आठवणीला.” एकदाच तिने अशा एका बाईंना उत्तर दिलं. म्हणाली, “मूठमाती द्यायला आधी माणूस हाती लागावा लागतो.” त्या बाई पुन्हा आमच्या घरी आल्या नाहीत, हे बरंच झालं.

पुढच्या वर्षी मत्स्यखात्याच्या बाई आल्या. नव्याने बदलून आलेल्या, तरुण, पायात गमबूट, बोलायला मोकळ्या. खाडीत पूर्वी कालवांचे थरच्या थर होते, ते आपण खाऊन आणि खणून संपवले, ते परत आणायचे म्हणाल्या. तराफे बांधायचे, त्यांना दोर टांगायचे, दोरांत रिकामे शिंपले ओवायचे. पाण्यात तरंगणारी बाळकालवं शिंपल्यांना चिकटतात आणि तिथेच वाढतात. आणि एकेक कालव दिवसाला बादल्यांनी पाणी गाळतं.

शेडमधल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आयुष्यभर आम्ही कालवं फोडली, पण ती पाणी धुतात हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बाईंनी दोन काचेच्या टाक्या मांडल्या. दोन्हींत खाडीचं तेच गढूळ पाणी. एकीत मूठभर जिवंत कालवं ठेवली, दुसरी तशीच. “तुमचं काम करा,” म्हणाल्या, “आणि जेवणाच्या सुट्टीत बघा.”

सुट्टीत आम्ही सगळ्या गोळा झालो. दुसरी टाकी होती तशीच होती. कालवांच्या टाकीतून मात्र पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

ताई पुढे झाली. टाकीच्या काचेला नाक लावून तिने पलीकडे बघितलं आणि विचारलं, “म्हणजे खाडीचा तळ दिसेल?”

“लागतील काही वर्षं,” बाई म्हणाल्या, “पण दिसेल.”

सगळं आवरल्यावर टाक्या धुवायला ताईनेच घेतल्या. कालवांच्या टाकीच्या बुडाशी बोटभर जाड, मऊ, राखाडी साय बसली होती. तिने ती हाताने निपटली आणि गटारात सोडून दिली. मी शेजारीच उभी होते. आम्ही दोघी पाण्याविषयी बोलत होतो.

पहिला तराफा कुठे बांधायचा यावर बैठक झाली. कुणी म्हणे धक्क्याजवळ, कुणी म्हणे वळणावर. ताई म्हणाली, “लाल पिंपापाशी.” बाईंनी नकाशा बघितला, प्रवाह चांगला आहे म्हणाल्या, आणि ठरलं. मला कळलं ती असं का म्हणतेय. सगळ्यांनाच कळलं, फक्त बाईंना सोडून. त्यांच्या नकाशात ती एक जुनी बुडालेली बोट होती. आणि कुणी सांगायला गेलं नाही, कारण आम्हाला ते बरोबरच वाटलं. जिथे तो आहे तिथलं पाणी आधी स्वच्छ व्हायला नको का?

मग ताई कामाला लागली आणि पुन्हा बोलायला लागली. शिंपल्यांना भोकं पाडायची, दोरात ओवायची, तराफ्यावर जाऊन टांगायची. रविवार नाही, ताप नाही, काही नाही. एका तराफ्याचे दोन झाले, दोनाचे सहा, आणि प्रत्येक वेळी ती नवा तराफा लाल पिंपाला बिलगून बांधायला लावायची. बाईंनी तिला एक पांढरी थाळी दिली होती. थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारायची. पहिली गाठ वीतभर अंतरावर होती. पुढची हातभर. मी चिडवायचे, “ताई, पोरगी बघायला जाता का रोज, एवढं नटूनथटून?” ती हसायची. खरंच हसायची. मला वाटायचं, चला, निवळतेय बाई.

खाडी बदलली हे मात्र कुणालाही मान्य करावं लागेल. कडेच्या उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचायला लागलं आणि तिथे पाणगवत उगवलं. गवतात बारीक मासे आले, माशांमागे मोठे, मोठ्यांमागे बगळे. ज्या खेकड्यांना आमच्या सासऱ्यांनी शेवटचं बघितलं होतं ते पुन्हा धक्क्याच्या दगडांत शिरले. दूरदूरचे लोक बघायला यायचे आणि बाई त्यांना ताईकडे बोट दाखवून सांगायच्या, “हे सगळं यांनी केलं.” ताई मान खाली घालायची. तिला गवताशी आणि बगळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

तराफ्यांखालची गोष्ट वेगळी होती, पण ती आम्ही कामाची कटकट म्हणून घेतली. तराफ्याचा नांगर उचलायला दरवर्षी जड जात होता. वर आला की त्याला काळं, लोण्यासारखं काहीतरी लगडलेलं असायचं, आणि वास अगदी मुक्या कालवाचा. आम्ही नाक दाबून, शिव्या घालत तो धुवायचो. धुताना ते काळं परत तिथेच पाण्यात जायचं.

सात-आठ वर्षांनी एका सकाळी ताई तराफ्यावरून ओरडली. मी पळत जाऊन होडीत बसले, वाटलं पडली-बिडली. ती उकिडवी बसली होती, हातात दोरी. थाळी खाली टेकली होती आणि दिसत होती. पांढरीशुभ्र, पुरत्या दोन पुरुष खोल पाण्याखाली.

“पाणबुड्याला बोलव,” ती म्हणाली.  

पाणबुड्या आला. आता त्याचं पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, आणि जहाजांचे तळ साफ करायचा त्याचा स्वतःचा धंदा होता. त्याला ताई आठवत होती. आपण काय बोललो होतो ते आठवत नव्हतं. ताईने त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं, शब्द न शब्द, तेव्हा तो गोरामोरा झाला.

“दार डाव्या अंगाला आहे,” ताई त्याला सांगत होती. “बोट कुशीवर आहे ना, म्हणजे ते वरच्या बाजूला आलं असणार. मी सगळा विचार केलाय.”

तो उतरला. आम्ही दोघी तराफ्यावर पालथ्या पडून बघत होतो. काचेचं बूड लावलेला एक डबा ताईने करून आणला होता, तो पाण्यावर टेकवून ती आत बघत होती. मला नुसत्या डोळ्यांनीही त्याची पिवळी टोपी दिसत होती. तो तळाशी गेला, इकडे फिरला, तिकडे फिरला, हातातली सळई खाली खुपसली, परत खुपसली आणि वर आला. फार लवकर आला.

“काय?” ताई म्हणाली.

“दिसतं सगळं, वहिनी. पाणी काचेसारखं आहे.” तो तराफ्याला धरून धापा टाकत होता. “पण बोट नाही दिसत. गाळात गेलीये. सळई छातीइतकी आत जाते तेव्हा कुठे लोखंड लागतं. वरून नुसता उंचवटा आहे. पांघरूण घेऊन कुणी झोपावं ना, तसा.”

ताईने डबा माझ्याकडे दिला. मी बघितलं. तराफ्याच्या सावलीत काळसर, मऊ, सपाट तळ पसरला होता. त्यावर ना गवत, ना खेकडा. मधोमध एक लांबट फुगवटा होता. बोका लहानपणी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायचा, आणि मी उठवायला गेले की असाच दिसायचा. मी डबा बाजूला ठेवला. माझ्याने पुढे बघवेना.

दुपारी खात्याच्या बाई शेडमध्ये आल्या. ताईने त्यांना बसूही दिलं नाही.

“बाई, कालवं पाणी गाळतात ना? मग घाण कुठे जाते?”

“घाण?”

“गाळलेली. ती खातात का सगळी?”

“सगळी नाही,” बाई म्हणाल्या. “खाण्यासारखं असेल ते खातात. उरलेली माती चिकट करून, तिच्या बारीक गोळ्या करून बाहेर टाकतात. एरवी ती माती तरंगत समुद्रात गेली असती. गोळ्या जड असतात, त्या तिथेच खाली बसतात.”

“तिथेच म्हणजे?”

“कालवांच्या खाली. तराफ्यांमुळे पाण्याचा जोरही कमी होतो, त्यामुळे आणखी—” आणि मग त्यांची नजर ताईच्या तोंडाकडे गेली, माझ्याकडे आली, आणि तिथून लाल पिंपाकडे. “त्या बोटीत कोण होतं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बाई मटकन ओट्यावर बसल्या. त्यांचा मला राग आला होता, पण ती बसण्याची तऱ्हा बघून तो विरघळला. घागरीत तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो आणि वर पाणी निवळतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? निवळणं म्हणजेच ते. शब्दातच सगळं होतं आणि आम्ही सगळ्या वरचंच पाणी बघत राहिलो.

ताई उठली आणि सुरी घेऊन निघाली. मी मागे धावले. दुसऱ्या होडीने तराफ्यावर पोचले तेव्हा ती दोर कापत होती. एक कापला, दुसरा, तिसरा. कालवांनी लगडलेले जड दोर सरसर खाली गेले. मी बघत होते, ते कुठे जातायत ते. तिलाही दिसलं. स्वच्छ पाण्यात सगळंच दिसत होतं. दोर सावकाश जाऊन त्या उंचवट्यावर पडले आणि गाळाचा एक ढग उठून त्यांच्यावर बसला.

तिच्या हातातली सुरी गळून पडली.

“मूठमाती देणार नाही म्हणत होते मी,” ती म्हणाली. “मूठ मूठ रोज देत होते गं. माझ्या हाताने. रविवारीसुद्धा.”

मी तिला धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी ताठ होती आणि मग एकदम नव्हती. आम्ही दोघी तिथे ओल्या फळ्यांवर बसून मोठमोठ्याने रडलो. माझं रडणं तिच्यासाठी होतं असं मी म्हणणार नाही. मला माझा बोका हवा होता.

पाणबुड्या धक्क्यावर थांबला होता. त्यालाही चैन नव्हतं. म्हणाला, माझ्याकडे गाळ खेचायचा पंप आहे. लाटा नाहीत, भरती बारीक आहे, दोन-तीन दिवसांत बोट मोकळी करून दार उघडतो. एक पैसा घेणार नाही.

बाईंनी खरं ते सांगितलं. त्या काळ्या गाळात हवा नसते, नुसता सडका वायू असतो. एवढा गाळ एकदम वर आला तर आसपासची कालवं गुदमरतील, कडेचं पाणगवत झाकलं जाईल, त्यातली पिल्लं मरतील. शेडचं या वर्षीचं काम तर गेलंच. पुन्हा पाणी कधी निवळेल ते सांगता येणार नाही. “पण मी नको म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ठरवा, ताई.”

शेडमधल्या बायका ऐकत होत्या. त्यांच्या चुली त्या कालवांवर पेटत होत्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. मी उघडलं. मी म्हणाले, “काढा. गेली खाडी खड्ड्यात!” आणि ते मी मनापासून म्हणाले होते. आजही कुणी विचारलं तर कदाचित तेच म्हणेन.

ताई उठून घरी गेली.

सकाळी पंप बोटीवर चढवून पाणबुड्या तयार होता. ओहोटी लागली होती. ताई आली, केस विंचरलेले, चेहरा धुतलेला. ती आमच्याबरोबर तराफ्यावर आली, आणि पंपाकडे न बघता तिने तराफा ढकलायचा लांब बांबू उचलला. तो तिने सरळ खाली सोडला. पाण्यातून, गाळातून, खाली, खाली. टेकला तेव्हा तिचे कोपर पाण्याला लागले होते.

मग तिने तो थोडा उचलला आणि खाली ठोकला. थांबली. पुन्हा ठोकला. कान बांबूला लावला. ओट्यावर हजारो वेळा केलं असेल तेच ती करत होती, आणि मला एकदम कळलं. मी श्वास धरून ऐकलं.

बद्द.

ताईने तिसऱ्यांदा ठोकलं, म्हणजे शंका राहायला नको. तोच आवाज.

“मुकं आहे,” ती म्हणाली. आवाज अगदी शेडमधला, नव्या मुलीला शिकवताना असायचा तसा. “आत मातीच भरलीये. मुकं उघडायचं नसतं.”

पाणबुड्याने माझ्याकडे बघितलं. “काय म्हणतायत वहिनी?”

शेडबाहेरच्या माणसाला ते कसं सांगणार?  “पंप परत न्या,” मी म्हणाले.

तो गेला. ताईने बांबू वर ओढला नाही. भरती येईपर्यंत ती तो तसाच खाली टेकवून, दोन्ही हातांनी धरून बसली, आणि मी तिच्या शेजारी बसले.